खरवस न खाल्लेला माणूस

निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, नाहीतर मुलाकडे परदेशी. मी संगमनेरला कुत्र्यांना सुया टोचायला गेले. निघताना आमच्या शेजारणीला हे सांगितलं, तेव्हा घरात काहीतरी बिनसलंय आणि मी ते लपवते आहे अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. तिची समजूत काढत बसले नाही. जनावरांची डॉक्टर म्हणून माझा जन्म गेला. गायी-म्हशींची बाळंतपणं केली, बैलांच्या लाथा खाल्ल्या आणि रेबीजने मेलेली जनावरंही पाहिली. हा रोग एकदा उमटला की डॉक्टरच्या हातात काही उरत नाही, आणि उमटूच द्यायचा नाही म्हटलं तर सगळं काही आपल्या हातात असतं. इतका सरळ दुसरा रोग मला माहीत नाही. त्यामुळे पेटी भरताना माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. आपण जायचं, टोचायचं, सांगायचं आणि परत यायचं.

संगमनेरला माझी कॉलेजातली मैत्रीण शैला राहते. तीही जनावरांची डॉक्टर. दरवर्षी दिवाळी आटोपली की ती जीप काढते, लशीची थंड पेटी मागे टाकते आणि वाड्यावस्त्यांवर हिंडून कुत्र्यांना रेबीजची लस देते. दरवर्षी मला 'ये एकदा' म्हणायची. यंदा गेले.

संगमनेर

प्रवासाचं काही सांगत नाही. कोल्हापूर ते संगमनेर एसटीने बसून आलेल्या माणसाला कंबर या विषयाशिवाय दुसरं काही सुचत नाही. शैलाने दारातच हात धरून आत नेलं आणि समोर शेंगोळ्यांची वाटी ठेवली. हुलग्याच्या पिठाचे वळून केलेले ते वेटोळे, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेले. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या मला तिखटाची भीती कुणी घालू नये, पण दुसऱ्या वाटीला माझ्या कानांतून वाफ निघाली आणि तिसरी मी तरीही मागितली.

सकाळी तिने मला प्रवरेच्या काठाकाठाने फिरवून आणलं. ऊस, मका, जनावरांचा घास, पुन्हा ऊस. आमच्याकडेही ऊस आहे, पण आमच्याकडे ऊस म्हटलं की गुऱ्हाळ आठवतं. इथल्या माणसाला ऊस म्हटलं की आधी बिबट्या आठवतो. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो, आणि भूक लागली की वस्तीवर येतो. इथे घरं गावात दाटीने नाहीत. ज्याच्या त्याच्या शेतात चार-सहा घरांची वस्ती असते, आणि प्रत्येक वस्तीला कुत्री असतात. कुत्रं भुंकलं की माणसं पोरांना आत घेतात. कधी कधी बिबट्या त्या भुंकणाऱ्यालाच उचलतो. सकाळी कुत्रं दिसलं नाही की 'वाघानं नेलं' म्हणायचं आणि दुसरं पिल्लू आणायचं, इतकी ही गोष्ट इथे अंगवळणी पडलेली आहे.

"म्हणून कुणी कुत्र्याला आपलं म्हणत नाही," शैला जीप चालवता चालवता म्हणाली. "भाकरी सगळे घालतात. पण कुत्रं कुणाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, वस्तीचं हाय. आणि वस्तीचं कुत्रं सुई टोचताना धरायला कोण येणार?"

"मी धरते," मी म्हणाले. शैला हसली. ती का हसली ते मला पुढे कळलं.

त्या दिवशी डोंगराकडच्या अकोले तालुक्यात जायचा आमचा बेत होता. तेवढ्यात जवळच्या एका गावातल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचा तिला फोन आला. एक अख्खी वस्ती तिथे येऊन बसली होती आणि सगळ्यांना रेबीजची सुई हवी होती. शैलाने जीप वळवली आणि वाटेत मला सगळं सांगितलं.

त्या वस्तीवर भाऊसाहेब नावाचा शेतकरी आहे. दसऱ्यानंतर त्याची गाय व्याली. पहिल्या दिवसांचं दूध, म्हणजे चीक, डेअरीला घालत नाहीत. त्याचा खरवस करतात आणि घरोघर वाटतात. भाऊसाहेबाच्या घरचाही वाटला गेला. पुढे दिवाळीच्या सुमाराला गाय बिघडली. चारा सुटला, पाणी गिळता येईना, तोंडातून लाळेच्या तारा, आणि घोगऱ्या आवाजात सारखं हंबरणं. शैलाला बोलावलं तेव्हा तिने लांबूनच ओळखलं. गाय मागच्या आठवड्यात मेली. शैलाने खोल खड्डा करून पुरायला लावली, सगळ्यांदेखत विचारलं की कुणाला हिची लाळ लागली आहे का, आणि भाऊसाहेबाने सगळ्यांच्या वतीने मान हलवली होती. नाही.

"आता त्यांना खरवस आठवलाय," शैला म्हणाली.

दवाखान्याची पायरी

आरोग्य केंद्राच्या अंगणात जत्रा होती. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेली म्हातारी माणसं, टेम्पो करून आलेले पाहुणे. वस्तीवरून लेकीच्या सासरी डबा गेला होता, म्हणून लेकीची सासूही आली होती. खरवस किती लांब जातो ते मला त्या अंगणात कळलं. आमच्याकडेही वाटतात, पण दोन शेजारी झाले की आमचा हात आखडतो.

तरुण डॉक्टर घसा बसेपर्यंत समजावत होते. उकळलेल्या दुधातून हा रोग होत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि कुणालाही पटत नव्हतं. मला राहवलं नाही. मी पायरीवर चढले. चार लोकांत बोलायला मी कधी घाबरले नाही, आणि त्या दिवशी तर समोर ऐकायला अख्खी वस्ती होती.

"खरवस शिजवून खाल्ला ना?" मी विचारलं.

"व्हय," सगळ्या बाया एकदम म्हणाल्या. पुढची एक जण म्हणाली, "गूळ घालून. विलायची बी हुती."

"मग घाबरू नका. हा रोग पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. ते चावलं, नाहीतर त्याची लाळ आपल्या जखमेला लागली, डोळ्यात-तोंडात गेली, तर तो आपल्याला होतो. कच्चा चीक कुणी चाखला असेल तर त्याने बाजूला येऊन डॉक्टरांना सांगा. बाकीच्यांनी घरी जा." मग जनावरांच्या डॉक्टरला सवयीने सुचतो तो प्रश्न मी विचारला. "गाय आजारी असताना तिच्या तोंडात कुणी हात घातला होता का?"

पिसाळलेल्या गायीला गिळता येत नाही, लाळ गळते, आणि शेतकऱ्याला वाटतं हिच्या घशात काही अडकलंय. मग तो बाही सारून हात घालतो. आम्हा डॉक्टरांना या एका गोष्टीची फार धास्ती असते.

पुढच्या रांगेत बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "घातला की. भाऊसाहेबानं घातला. मक्याचं कनीस अडकलंय म्हनला. कोपरापातुर घातला हुता, आन् दात लागून हात खरचाटला बी."

"कुठंय तो?"

"तो कशाला यील?" दुसरी एक बाई म्हणाली. "त्यानं खरवस खाल्लाच न्हाई. समद्यांना वाटता वाटता सपला, त्याच्या वाट्याला आलाच न्हाई. सुटला बगा."

तिच्या आवाजात थोडा हेवाही होता. शैलाने माझ्याकडे पाहिलं. जीपची किल्ली तिने हातात घेतलीही होती. ज्यांना काही होणार नव्हतं ते सगळे दवाखान्यात आले होते, आणि ज्याचा जीव धोक्यात होता तो एकटा घरी होता.

भाऊसाहेबाचा ओटा

त्या म्हातारीचं नाव गयाबाई. वस्ती तिला आत्या म्हणते. वाट दाखवायला ती जीपमध्ये पुढे बसली आणि सगळा रस्ता पदराचं टोक चावत राहिली. वस्ती उसाच्या कडेला होती. दगडी ओट्याचं घर, पुढे गोठा आणि गोठ्यात एकच गाय. शेजारच्या रिकाम्या खुंट्याशी वासरू लाकडी बुडख्याला पाठ घासत उभं होतं.

भाऊसाहेब घास कापून आला होता. पन्नाशीचा, उंच, पांढरी टोपी, बोलण्यात एवढा मऊ की शेवटचे शब्द ऐकायला पुढे वाकावं लागे. उजव्या हाताला हळद लावून फडकं बांधलेलं होतं. आम्ही आलेले बघून त्याने आधी सतरंजी टाकली, मग पाणी आणलं, मग बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी म्हणाले, चहा राहू द्या, हात दाखवा.

"आवो मॅडम, कायबी न्हाई. भरत आलंय."

फडकं मीच सोडलं. मनगटाच्या वर तिरप्या ओरखड्यांच्या दोन रेघा, खपली धरलेल्या. मी त्याला पाण्याच्या मोटारीजवळ नेलं आणि धो धो पाण्याखाली हात धरायला लावून साबणाने धुतला. पुष्कळ वेळ धुतला. त्याची बायको मंदा साबण घेऊन शेजारी उभी होती. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. ती रडत नव्हती, फक्त माझ्या हातांकडे बघत होती.

"आता जीपमध्ये बसायचं," मी म्हणाले. "संगमनेरला मोठ्या दवाखान्यात जखमेत एक सुई देतात आणि दंडात लस. पुढचे डोस ठरलेल्या दिवशी घ्यायचे, एकही चुकवायचा नाही. अजून वेळ गेलेली नाही. वेळेवर घेतली तर ही लस हमखास काम करते."

माझं बोलणं खणखणीत होतं. आजवर या सुरावर माझ्यासमोर माणसं उठलेली आहेत. भाऊसाहेब उठला नाही.

"वस्तीला दिल्या का सुया?"

"त्यांना गरज नाही."

"आदी त्येंचं हुंद्या मॅडम. चीक माझ्या घरचा हुता. लेकरंबाळं हायेत त्येंची. समद्यांचं झालं की मी यीन."

मी पुन्हा समजावलं. शैलाने समजावलं. मंदा म्हणाली, "आवं, त्या एवढ्या सांगत्यात." भाऊसाहेब प्रत्येकाला मान डोलवत होता आणि ओटा सोडत नव्हता. मला संताप आला. अडाणी हट्ट मी पुष्कळ पाहिलेत, पण हा माणूस अडाणी नव्हता. मी सांगितलेलं सगळं त्याला समजत होतं. मग मी आवाज चढवला आणि विचारलं, की तुम्हाला मरायचं आहे का.

तो शैलाकडे बघून म्हणाला, "ताई, मागल्या साली तुमी वस्तीवर आल्ता. ध्यानात हाय का? तुमी इच्यारलं, ह्ये काळं कुत्रं कोनाचं?"

शैलाला आठवत नव्हतं. तिने अशी किती कुत्री पाहिली असतील.

"मी हितंच बसलो हुतो. मी म्हनलो, वस्तीचं हाय, कोनाचंच न्हाई. मक्याला पानी चालू हुतं. माझं म्हनलं आसतं तर धरून द्यावं लागलं आसतं, पान्याची दारं तशीच टाकून. तुमी म्होरं गेला. त्ये कुत्रं रोज माझ्याच हातची भाकर खात हुतं ताई. माझ्याच खाटंखाली निजायचं. पोळ्याच्या टायमाला दोन दिस लई बिथरल्यावानी करत हुतं, मग दिसंना. मी म्हनलो, वाघानं नेलं. गायीच्या पायाला जखम हुती, मी म्हनलो, तार लागली."

पुढचं माझं मीच जोडलं. कुत्रं बिबट्याने नेलंच नव्हतं. ते पिसाळलं होतं, गायीला चावून कुठेतरी उसात जाऊन मेलं होतं. आणि वस्तीने सवयीने ते बिबट्याच्या नावावर घातलं होतं.

"कुत्रं माझं. गाय माझी. चीक माझ्या हातानं वाटला," भाऊसाहेब म्हणाला. "आन् पयली सुई मीच घिऊ? त्या दिशी सगळ्यांदेखत ताईंनी इच्यारलं, लाळ कोनाला लागली. माझी जीभ रेटली न्हाई."

मला त्या माणसाचा राग आला होता, पण तो आता टिकेना. रोग, लस, डोस, हे सगळं मला पाठ होतं. त्यातलं काहीच इथे उपयोगाचं नव्हतं.

गयाआत्या तोवर ओट्याच्या कडेला टेकून बसली होती. ती उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भाऊसाहेब, तुज्या लेकीच्या लग्नात तू कंदी जेवला?"

"शेवटच्या पंगतीला."

"का?"

"घरधनी मागनंच बसतो आत्या."

"व्हय. समदी जेवल्याबिगर घरधनी बसत न्हाई. आमी जेवलो रं बाबा. उष्टी निघाली, समद्यांनी हात धुतलं. डॉक्टरनी सांगितलं, आमाला कायबी हुनार न्हाई. आता तुजी पंगत. आता बी तू बसला न्हाई, तर आमी खाल्लेलं आमच्या आंगी लागल का?"

भाऊसाहेबाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मंदे," तो म्हणाला, "वासराला पानी दाव. मी जाऊन येतो." मंदाने वासरू आत्याच्या स्वाधीन केलं आणि ती स्वतःच जीपमध्ये चढून बसली.

संगमनेरच्या दवाखान्यात आणखी एक गंमत झाली. रांगेत त्याच्यामागे एक बाई पोराला घेऊन उभी होती. भाऊसाहेब बाजूला सरकून तिला म्हणाला, "तुमी व्हा म्होरं." मी त्याच्या सदऱ्याची मागची बाजू धरली आणि त्याला डॉक्टरांच्या खोलीत ढकललं. ओरखड्यांत सुई गेली तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही. बाहेर येऊन मात्र त्याने पहिल्यांदा मला ताई म्हटलं. "ताई, तुमचा च्या ऱ्हायला की."

अकोले

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याकडे गेलो. संगमनेर मागे पडलं की जमीन उभी राहायला लागते. उसाची सपाटी संपून डोंगर जवळ येतात, आणि खाचरांत कापलेल्या भाताचे भारे रचलेले दिसतात. हवेला पेंढ्याचा वास होता. एका घरी आम्हाला नव्या तांदळाचा भात आणि काळ्या मसाल्याचं कालवण मिळालं. भाताला इतका वास होता की मी कालवण बाजूला ठेवून आधी नुसताच भात खाल्ला, आणि घरची बाई शैलाला कानात म्हणाली, "बाईंना तिखाट चालत न्हाई जनू." कोल्हापूरच्या इभ्रतीसाठी मला लगेच ठेच्याची मोठी चिमूट उचलावी लागली.

तिथल्या डोंगरवाडीत काम झरझर झालं. तिथे कुत्री शेळ्यांमागे रानात जातात, म्हणून ती ज्याची त्याला ठाऊक असतात. माणूस हाक मारतो, कुत्रं येतं, माणूस त्याचं तोंड दोरीने हलकेच बांधतो, कातडी चिमटीत धरून मी सुई देते, आणि कुत्रं मला एक तिरकी नजर देऊन निघून जातं. एका बाप्याने तर कुत्र्याला आंघोळ घालून आणलं होतं. मी फार खूश होते, आणि तरी सारखी त्या ओट्यावर बसलेल्या माणसाकडे मन जात होतं. पहिली सुई आम्ही ढकलून दिली. पुढच्यांचं काय? ओरखडे भरून आले, हात दुखेनासा झाला, की माणूस म्हणतो झालं बरं. अशी लस अर्ध्यात सोडलेल्यांच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. शैलाला बोलले तर ती म्हणाली, "मंदा आहे तिथे." पण ती स्वतःही दर थोड्या वेळाने फोन उघडून बघत होती.

संध्याकाळी मंदाचा फोन आला. दुसऱ्या डोसाला ठरलेल्या दिवशी भाऊसाहेब एसटीने जाणार होता. ती म्हणाली, "त्यांच्या संगं आत्या जानार हाय. म्हनती, मीच बसवलंय पंगतीला, मीच उठवीन." शैला आणि मी त्या डोंगरात दोघीच मोठमोठ्याने हसलो. हसू आवरेना तेव्हा कळलं, किती ताण बसला होता.

पुन्हा वस्तीवर

परतताना आम्ही भाऊसाहेबाच्या वस्तीवरच कुत्र्यांचं लसीकरण ठेवलं. योगायोगाने त्याच्या डोसाचा दिवस तोच निघाला, त्यामुळे तो आणि आत्या सकाळच्या गाडीने गेले होते. बाकी झाडून सगळी वस्ती हजर होती. आणि इथे मला शैलाच्या हसण्याचा अर्थ कळला.

वस्तीचं कुत्रं परक्या माणसाच्या हाताला येत नाही. पहिल्याच तांबड्या कुत्र्याला मी मोठ्या विश्वासाने दोरीचा फास टाकायला गेले. त्याने मला उसाच्या कडेने धावायला लावलं, मध्येच वळलं, मी वळले नाही, आणि सरळ पाण्याच्या पाटात बसले. पाणी गुडघाभर, चिखल कमरेपर्यंत. कुत्रं पलीकडच्या बांधावर बसून जीभ काढून माझ्याकडे बघत होतं. बायांनी तोंडाला पदर लावले. मंदाने मला हात देऊन वर काढलं आणि नेसायला आपलं लुगडं दिलं. ते नेसून मी उरलेलं काम केलं, आणि त्यानंतर मला कुणी मॅडम म्हटलं नाही.

मग मंदा त्या तांबड्या कुत्र्याकडे वळली. ती पाटीतली शिळी भाकरी घेऊन ओट्यावर आली आणि रोजच्यासारखी "यू यू" केली. तांबडं कुत्रं आलं. ते तिच्या हातातली भाकरी खात असताना तिनेच त्याची मान कवेत धरली. शैलाने विचारलं, "कुत्रं कुणाचं?"

सगळ्यांच्या ओठांवर नेहमीचं उत्तर होतं. पण त्या ओट्यावर ते म्हणायला कुणाची हिंमत झाली नाही. मंदाच्या जावेने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमच्याच दारात आसतंय. आमचं धरा." मग एकेक जण बोलू लागलं. पांढरं ते पलीकडच्या घरचं. दोन पिल्लं शेवटच्या घरची. एका कुत्र्यावरून तर दोन घरांत बारीकसं भांडणही झालं, की भाकर मी घालते आणि नाव तुमचं कसं. शैला म्हणाली, इतकं गोड भांडण तिने आजवर ऐकलं नव्हतं. आम्ही प्रत्येकाच्या गळ्यात तांबडी पट्टी बांधली आणि कोणत्या घरचं ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं.

शेवटी एक कुत्रं उरलं. एक कान तुटलेलं, काळं-करडं, गोठ्याच्या मागे लपलेलं. मेलेल्या काळ्याचंच पिल्लू, असं मंदा म्हणाली. त्याला सुई दिली, पट्टी बांधली. कुणाचं, म्हणून शैलाने विचारलं तेव्हा सगळ्या जणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मंदा त्याच्या गळ्यातली पट्टी सारखी करत राहिली. त्या घरात ते तिने नाही, भाऊसाहेबाने बोलायचं होतं. आम्हीही जास्त ताणलं नाही, पण निघताना तो तुटका कान माझ्या डोळ्यांसमोर राहिला.

जीप वळवताना समोरून एसटीतून उतरून येणारी दोघं दिसली. पुढे आत्या, मागे भाऊसाहेब. त्याने डावा हात वर केला, उजवा दंड दुखत असावा. आत्याने लांबूनच ओरडून सांगितलं, "बसला आन् उठला."

कोल्हापूर

घरी आले तेव्हा शेजारणीने विचारलं, काय पाहिलंस. मी तिला डोंगर, भात, शेंगोळे, पाट, सगळं सांगितलं. तिला पाटाचा भाग फार आवडला आणि तो तिने गल्लीभर सांगितला. भाऊसाहेबाचं मी तेव्हा सांगितलं नाही. उरलेले डोस राहिले होते, आणि मला उगाच वाटे की आधी बोललं तर काहीतरी बिघडेल. डॉक्टर असूनही माणूस असा होतो.

डोस सगळे झाले. शैला दर वेळी कळवत होती. आठवडे गेले, महिने गेले, भाऊसाहेब ठणठणीत राहिला. संक्रांतीनंतर एक दिवस अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज इतका हळू की मी टीव्ही बंद केला.

"ताई, भाऊसाहेब बोलतोय. दुसरी गाय व्याली. कालवड झाली."

मी म्हणाले, मग खरवस केला असेल.

"केला की. तुमचा वाटा आत्याला दिला, तुमी लांब." मग लाजत म्हणाला, "अवंदा पयला घास मी खाल्ला ताई. मंदी ताट घिऊन उबी ऱ्हायली. म्हनली, तुमी खाल्ल्याबिगर वस्तीत वाटू द्यायची न्हाई."

"बरं केलं तिने," मी म्हणाले. तेवढ्यात फोनमध्ये मागून भुंकणं ऐकू आलं, एकसारखं, जवळून. अगदी खाटेखालून यावं तसं.

"कुत्रं कुणाचं भुंकतंय?" मी विचारलं.

"तुटक्या कानाचं," तो म्हणाला. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा शब्द स्पष्ट ऐकू येईल असं, म्हणाला, "माझं हाय."